अंगठ्याकडे बघायचं

उदगीर,
१२ जून २०२३

चि. सिद्धम्मास अण्णाचे आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि तिरकं आलंय, हसू नको. उमाशंकर पोत्यांवर नावं टाकतो त्या मार्करनं लिहितोय, कारण बॉलपेनचं लिहिलेलं माझं मलाच दिसत नाही. तू तीस वर्षं मास्तरीण होतीस. लाल शाईनं खुणा करून पत्र परत धाडशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

फोनचं आपलं जमत नाही. तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मी ओरडलो की मोंढ्यातले हमाल गोळा होतात. तेव्हा टपालच बरं.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात आडतीच्या दुकानाची चौकट मला मधोमध वाकडी दिसायला लागली. सुताराला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडला आणि म्हणाला, "मालक, चौकट सरळ हाय. तुमचं काय तरी बिघडलंय." गडी खरं बोलला. लातूरच्या डॉक्टरनं दोन्ही डोळे तपासले. डोळ्याच्या मागं पडदा असतो म्हणे, त्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. ही झीज आहे, तिला ऑपरेशन नाही. हळू झिजावं म्हणून गोळ्या दिल्यात, तेवढंच.

हे सगळं चालेल. न चालणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुलाच सांगतोय. सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढतो, डाव्या तळव्यावर ठेवतो, नजर लावतो. बोटं दिसतात. मनगट दिसतं. लिंग दिसत नाही. त्याच्या जागी नुसता काळा डाग. लिंगही काळं, डागही काळा. समोर आहे तो देव की रोग, हेच कळेना झालंय. साठ वर्षांची पूजा, सिद्धे. डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टरला हे बोललो तर त्यानं एक युक्ती शिकवली. म्हणाला, "जे बघायचंय त्याच्याकडं सरळ बघू नका. त्याच्या थोडं बाजूला बघा. कडेनं दिसंल." घरी येऊन करून बघितलं. तळव्यावर लिंग ठेवलं आणि अंगठ्याकडं बघितलं. दिसलं! पण देवाकडं पाठ फिरवल्यासारखं वाटतं. अप्पा असते तर काय म्हणाले असते?

यातलं कुणाला सांगू नको. उमाशंकरला कळलं तर पोरगा मला घरी बसवील. मोंढ्यात अजून मूठभर तूर हातात घेऊन मी ओल सांगतो, आणि मुठीतलं वजन काट्याच्या आधी सांगतो. त्याला डोळे लागत नाहीत.

तुझा,
अण्णा

नांदेड,
२१ जून २०२३

ती. अण्णांस सिद्धम्माचा शरणार्थी नमस्कार.

पत्राला दहापैकी चार गुण. ते चारही त्या सुताराचे.

तुला काय झालंय ते वाचून दिवसभर काही सुचलं नाही. हे गेल्यापासून विष्णुपुरीच्या या घरात मी आणि माझं शिट्टी मारणारं यंत्र. एक तू होतास धडधाकट, तर तुझीही झीज सुरू. एक बहीण बहिरी, एक भाऊ आंधळा. बरी जोडी जमली.

अप्पा काय म्हणाले असते ते मला विचार. तू मला चिंचेवरून ढकललंस, माझी हनुवटी फुटली, चार टाके पडले. रडलास मात्र तू. इतका की अप्पांनी मलाच तुझी समजूत काढायला बसवलं. त्या माणसाला कुणी कुठून का रडेना, रडणं दिसायचं. तू अंगठ्याकडं बघ नाही तर आढ्याकडं बघ, देवाला कळतं कुणाकडं चाललंय ते. ही पाठ फिरवणं नव्हे.

शेजारच्या धोंडाबाईंची नात दामिनी डोळ्यांची डॉक्टर होतेय. नाव न सांगता तिला विचारलं. तिनंही झीजच सांगितली. मग विचारते कशी, "आजी, ते विसरतात का हो?" म्हटलं, बाई गं, माझ्या भावाला मोंढ्यातल्या प्रत्येक हमालाच्या आज्याचं नाव पाठ आहे. डोळ्याचं विचारलं तर डोळ्याचं सांग.

गोळ्या चुकवू नको. पुढचं पत्र सुवाच्य अक्षरात.

तुझी,
सिद्धी

उदगीर,
५ सप्टेंबर २०२३

ती. आत्याबाईंस मंजुश्रीचा शरणार्थी.

मामंजींना न सांगता लिहितेय, त्याची माफी असावी. तुमची पत्रं आता मीच त्यांना वाचून दाखवते. म्हणून डोळ्यांचं आम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी त्यांना दुकानातून उठवलेलं नाही, तेवढी काळजी करू नका.

गेल्या सोमवारी, श्रावणातल्या, मामंजी पूजेला बसले. बेल वाहिला, विभूती लावली, तळवा समोर धरून अर्धा तास बसले. आमची शिल्पा फुलं द्यायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा, तुमच्या हातात काहीच न्हाई!"

खरंच हात रिकामा होता. लिंग ताम्हणात बेलाच्या पानांखाली पडलेलं होतं. पाणी घालताना कधी तरी घसरलं असेल. मामंजी मात्र म्हणत होते, "हाय की गं, हे काय, दिसायलंय मला." शिल्पानं ताम्हणातून लिंग काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी तिच्यावर हात उगारला. आठ वर्षांची पोर, तिच्यावर आजपर्यंत त्यांनी आवाजही चढवलेला नाही. मग स्वतःच भिंतीला टेकून बसले.

दोन दिवस जेवले नाहीत. लिंग अंगावेगळं झालं की माणसानं जगू नये, असं जुनी माणसं म्हणायची, तेच परत परत बोलत होते. आमच्या मठाचे स्वामी घरी आले, त्यांनी समजावलं, तेव्हा कुठं दूधभात खाल्ला.

आत्याबाई, हे डोळ्यांचंच आहे ना? त्या दिवसापासून मला झोप नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या ओळखीत डॉक्टर आहे, म्हणून विचारते.

आपली,
मंजुश्री

नांदेड,
१४ सप्टेंबर २०२३

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र आल्या आल्या तुला लिहायला बसले होते. डोळ्यांचंच आहे, काळा डाग तळव्यावर दिसला आणि अण्णानं त्यालाच लिंग समजलं, घाबरू नको, असं सगळं लिहूनही झालं होतं. मग वाटलं, एकदा दामिनीला विचारून खात्री करावी. ते पत्र फाडलं आणि हे दुसरं लिहितेय.

दामिनीनं सगळं ऐकलं. म्हणाली, डाग दिसला तो डोळ्यांमुळं. तिथं लिंग असायलाच हवं म्हणून मनानं ते तिथं ठेवलं, असंही होतं. "पण आजी, हाताचं काय? तळव्यावर वजन नव्हतं. ते अर्धा तास कळलं नाही?"

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तू डोळ्यांची डॉक्टर, हाताच्या गोष्टी कशाला करतेस? घरी आले, दार लावलं आणि रडले. मुठीतली तूर जोखणारा माझा भाऊ. त्याच्या हाताला कळलं नाही, आणि ते डोळ्यांवर ढकलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच घरी आली. तिनं पाटीवर चित्र काढून दाखवलं. डोळ्याच्या मागचा पडदा म्हणजे पोटात गर्भ वाढतो तेव्हा मेंदूतूनच पुढं आलेला भाग. म्हणून काही माणसांत पडद्याची झीज आणि मेंदूची झीज एकाच वेळी दिसते. एकामुळं दुसरं होतं असं नाही. पडदा झिजलेला प्रत्येक माणूस विसरतो असंही नाही, पुष्कळ जण शेवटपर्यंत खणखणीत असतात. यावर अजून शोध चालू आहे, तिलाही सगळं ठाऊक नाही. पण अण्णाला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा म्हणाली, उशीर करू नका.

मंजुश्री, अण्णाला हे वाचून दाखवू नको. तपासायला लातूरला न्याल तेव्हा डोळ्यांचाच डॉक्टर आहे असं सांगा. त्याचा जीव त्या हातात आहे. डोळे गेले हे त्यानं सोसलं, हे सोसणार नाही. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.

तुझी,
आत्या

उदगीर,
१८ डिसेंबर २०२३

चि. सिद्धम्मास आशीर्वाद.

हे मीच लिहितोय. मंजुश्री कागदावर बोट धरून ओळ दाखवतेय. तिला सांगितलंय, मी बोलेन तसं लिहू नको, मीच लिहिणार. वेळ लागतो.

लातूरला नेलं होतं मला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणे. मी काय दूधखुळा आहे? डोळ्यांचा डॉक्टर घड्याळ काढायला लावतो का? मी गोल काढला. आकडे सगळे एका बाजूला गेले म्हणे. मी म्हटलं, मला दिसत नाही. तो म्हणाला, मग तोंडी सांगा. तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. गाय, पाटी, लिंबू. पाच मिनिटांनी विचारलं तर लिंबू तेवढं राहिलं. त्याला तर डोळे लागत नाहीत.

घरी आल्यावर मंजुश्रीला एकच विचारलं, "ही सिद्धीची आयडिया?" ती पायावर पडून रडायला लागली. मी रागावलो नाही. झाकली मूठ ठेवावी असं तुला वाटलं. माझीच मूठ आहे, मला आतलं कळलं.

बोरं आली का नांदेडला? तुला बोरं लई आवडायची.

आता हे नीट वाच. डोळ्यांनी किती नेलं आणि डोक्यानं किती नेलं, हे मला वेगळं करता येत नाही. सकाळी उमाशंकर समोर येतो, तोंडाच्या जागी डाग असतो, आवाजावरून ओळखतो. एक दिवस आवाजावरूनही ओळखलं नाही. तुझं तोंड अजून डोक्यात आहे, हनुवटीच्या खुणेसकट. ते आहे तोवर येऊन जा. एकदा बघू दे.

बोरं आली का नांदेडला? तुला लई आवडायची.

अण्णा

नांदेड,
२ जानेवारी २०२४

ती. अण्णांस शरणार्थी.

पत्र दहा वेळा वाचलं. चुकलं माझं. पदरात घे.

येते. आजच निघाले असते, पण या थंडीत गुडघे धरलेत आणि कानाचं यंत्र दुरुस्तीला दिलंय. संक्रांत होऊ दे, यंत्र येऊ दे, म्हणजे तू बोललेलं ऐकू येईल. आठ दिवस राहीन. बोरं घेऊन येते.

तुझी,
सिद्धी

नांदेड,
३ मार्च २०२४

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

न सांगता दुपारच्या एसटीनं निघून आले, तू पोळ्या करत होतीस. वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं, पण थांबणं झालं नाही.

आठ दिवस राहायला आले होते. चार तास अण्णासमोर बसले. यंत्र अजून दुरुस्त झालेलं नाही, बंद होऊन बसतं, म्हणून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण डोळे तर माझे धड आहेत ना? चार तासांत त्यानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं उजवीकडं भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्याकडं बघत होता. मी हात धरला, तरी कॅलेंडर. मी बोरं पुढं केली, ती घेतली, तरी कॅलेंडर. मी उठून खिडकीशी गेले तर त्यानं मान वळवून कोनाड्याकडं केली.

विसरला असता तर मी सोसलं असतं. हा राग आहे. मी खोटं बोलून त्याला लातूरला पाठवलं, त्याचा. पत्रात लिहिलं रागावलो नाही, आणि तोंड बघायला बोलावून तोंडच फिरवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? मीही अप्पांचीच मुलगी आहे. आता तो बोलावील तेव्हाच येईन.

तुझी,
आत्या

उदगीर,
२९ मार्च २०२४

ती. आत्याबाईंस शरणार्थी.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला. कारण शेवटी लिहिते, आधी हे वाचा.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. मामंजी झोपलेले होते, शिल्पा जवळ बसली होती. कॅलेंडरचं वाचलं तशी ती हसली. म्हणाली, "नांदेडच्या आजीला कळलंच न्हाई का? आजोबा लिंग बघायचं असलं की अंगठ्याकडं बघतात. तसंच आजीला बघत होते."

आत्याबाई, मी रोज त्यांच्याजवळ असून मला सुचलं नव्हतं. त्यांनी तुम्हाला पहिल्याच पत्रात सांगितलं होतं म्हणायचे, जे बघायचंय त्याच्या बाजूला बघायचं. चार तास त्यांनी नजर हलवली नाही. तुम्ही खिडकीशी गेलात तशी कोनाड्याकडं केली. ते तुमच्याकडंच बघत होते हो.

त्या दिवशी तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "सिद्धी कुठं गेली?" मी सांगितलं, जरा बाहेर गेल्यात. मग म्हणाले, "बारीक झाली गं. केस सगळे पांढरे झाले. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, उमाशंकरला सांगून नवी करून द्या. हनुवटीची खूण तेवढी तशीच हाय." मग खुशीत बोरं खात बसले. संध्याकाळपर्यंत तीन वेळा विचारलं, ती आत्ता येईल ना. मी हो म्हणत राहिले.

तुम्हाला लगेच लिहायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आले ते वेगळेच. आता ह्यांना ओळखत नाहीत. मला "बाई" म्हणतात. पूजेचं विसरले. दिवसभर डावा तळवा उघडा धरून बसतात, त्यात काही नसतं. डॉक्टर म्हणतात, तापानंतर अशी एकदम घसरण होते, यातलं फारसं परत येणार नाही.

जमेल तितक्या लवकर या.

आपली,
मंजुश्री

नांदेड,
१२ एप्रिल २०२४

प्रिय अण्णा,

हे पत्र मंजुश्री तुला वाचून दाखवील. कळलं नाही तरी चालेल. इतक्या वर्षांत तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं मी कधी चुकवलं नाही, आणि एकदा बघू दे म्हणालास त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलंय.

मंजुश्रीचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी एसटीत बसले. गुडघे, कान, कुणाला विचारलं नाही. जे तीन महिन्यांपूर्वी करायचं ते तेव्हा केलं. नाकावरचा राग घेऊन मी तुझे सात दिवस वाया घालवले, अण्णा. तू बोरं खात दाराकडं वाट बघत होतास आणि मी इथं उशीत तोंड घालून तुला शिव्या देत होते. हे माझ्याकडून या जन्मी फिटणार नाही.

मी आत आले. तू पलंगावर बसला होतास, डावा हात उघडा. मी समोर बसले. उमाशंकरनं माझा खांदा हलवला, त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं. शिल्पा तिची पाटी घेऊन आली, तू जे बोलशील ते माझ्यासाठी लिहायला. तिनं आधी उमाशंकरचं बोलणं लिहिलं, "बाबा म्हणतात, आजोबा तुमच्याकडे बघतायत."

खरंच बघत होतास. सरळ, माझ्या डोळ्यांत. कॅलेंडरकडं नाही, कोनाड्याकडं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मला एकटीला कळलं की आता तुला मला बघायचं राहिलेलं नाही. बघायचं असतं तर नजर बाजूला गेली असती. माझ्या तोंडाच्या जागी तुला डाग दिसत होता आणि तो बाजूला सारावा असं तुला वाटत नव्हतं.

मी रडले नाही. म्हटलं, तू बाजूला बघत नाहीस तर मीच बाजूला होते. खुर्ची वीतभर डावीकडं सरकवली. तू तसाच समोर बघत होतास. अजून थोडी सरकवली. मग तुझ्या भुवया वर गेल्या. मी तुला दिसले, अण्णा.

तू काही तरी बोललास. शिल्पानं लिहायला वेळ लावला. मग पाटी माझ्याकडं फिरवली.

"बाई, तुमच्या हनुवटीला काय लागलंय?"

मी सांगितलं, लहानपणी भावानं चिंचेवरून ढकललं होतं, चार टाके पडले.

मग शिल्पानं दुसरं वाक्य लिहिलं. "मग तो रडला का?"

"रडला," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा जास्त."

तू मान हलवलीस. मग तो उघडा हात तू पुढं केलास, माझ्या हनुवटीला बोट लावलंस आणि पुन्हा काही तरी म्हणालास. शिल्पा लिहीत होती, पण मी तिचा हात धरला. तेवढं मला ओठांवरून कळलं होतं. साठ वर्षांपूर्वी चिंचेखाली बसून तू तेच म्हणत होतास. लई दुखलं का?

नाही रे अण्णा. तेव्हा नाही दुखलं.

तुझी,
सिद्धी